आंदणाचं मशीन

म्हातारा लुआन मशीन दुरुस्त करत होता हे सगळ्या जिन्याला ठाऊक होतं. ते दुरुस्त होऊ नये यासाठी त्याचा किती जीव जातोय, हे फक्त त्याला ठाऊक होतं.

मशीन होतं दोन टाक्यांचं. एका टाकीत धुवायचं, दुसऱ्यात, म्हणजे ड्रायरमध्ये, पिळायचं. हिमहंस कारखान्याचं, फिकट हिरवं, पुढच्या पत्र्यावर मान वळवलेला हंस. कारखाना कधीच बंद पडला, त्याच्या जागी आता सोफे विकतात. तो चालू होता तेव्हा लुआनची विहीण तिथं झाकणं बसवायची. एका वर्षी तिला उत्तम कामगार म्हणून हे मशीन बक्षीस मिळालं, वर लाल रेशमी फूल बांधून. पुढं लेकीच्या, सूछिनच्या, लग्नात तिनं तेच आंदण दिलं. लेकीला नवं घ्यायची ऐपत नव्हती असं लुआनची बायको फेंगची तेव्हा म्हणाली होती. पण त्या मशीनवर तिनं स्वतःच नऊ वर्षं गोधड्यांच्या खोळी धुतल्या, ते मात्र कधी बोलून दाखवलं नाही. माणसं दिलेलं लक्षात ठेवतात आणि वापरलेलं विसरतात.

मग लुआनचा मुलगा योंग गेला. बर्फावर ट्रक घसरला, एवढंच. त्याच हिवाळ्यात मशीनही बंद पडलं. ते बाल्कनीत गेलं आणि त्याच्यावर थंडीचे कोबी रचले गेले. दोन हिवाळे ते कोबीचा ओटा होऊन राहिलं.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर खालच्या मजल्यावरच्या मा काकूनं सूछिनसाठी स्थळ आणलं. पान नावाचा बसचालक, बायको वारलेली, मूलबाळ नाही, घर ऊबदार, दारू सणापुरती. सूछिननं एक महिना विचार केला आणि हो म्हणाली. चौतिशीची बाई, पडद्यांच्या दुकानात दिवसभर शिवणयंत्रावर बसायची. तिला कोणी नावं ठेवावीत असं काही नव्हतं. लुआननंही ठेवली नाहीत. त्याचं दुखणं वेगळं होतं. सूछिन गेली की तिची आठ वर्षांची पोर, लुआनची एकुलती नात मान्मान जाणार. मा काकूनं बोलता बोलता सांगूनही टाकलं होतं, की पोरीला शाळेत त्रास नको म्हणून पान तिला आपलं आडनाव लावणार आहे. म्हणजे लुआन मान्मानची पान मान्मान होणार. मुलगा मातीत गेला होता. आता त्याचं नावही नगरपालिकेच्या खिडकीत खोडलं जाणार होतं.

“नातवंड कुठं पळून चाललंय का? बसनं अर्धा तास,” मा काकू म्हणाली.

“अर्धा तास म्हणतेस, पण सणाला ती कुणाच्या घरी जेवेल ते सांग,” लुआन म्हणाला.

काकूनं चहा संपवला नि उठली.

आता त्या भागातली रीत अशी, की विधवा दुसरं घर करते तेव्हा सासरचं सासरी ठेवते आणि आपलं आंदण घेऊन जाते. पण बंद पडलेली वस्तू नव्या उंबऱ्याच्या आत न्यायची नाही. संसारही तिथंच बंद पडतो म्हणतात. सूछिनला आईची म्हणून ती एकच वस्तू उरली होती. तिनं सासऱ्याच्या देखत मा काकूला सांगितलं, “मशीन चालू झालं की तारीख देते.”

शहाणी बाई, पण तिथं चुकली. दोरी नेमकी त्याच्याच हातात दिली.

लुआन पोलाद कारखान्याच्या दुरुस्तीखात्यात तीस वर्षं पंप खोलत आलेला माणूस. असलं मशीन म्हणजे त्याला दोन रविवारांचं काम. त्यानं पहिला रविवार बाल्कनीतून ते आत आणण्यात घालवला. दुसरा कोबी परत रचण्यात. मग तळाचा पत्रा गंजलाय म्हणून तो घासत बसला, आणि इतका घासला की फेंगची म्हणाली, “म्हाताऱ्या, आरपार दिसायला लागलं की थांब.”

पत्रा झाला, मग रंग वाळेना. रंग वाळला, मग मोटरचा कपॅसिटर गेलेला. कपॅसिटर आला, मग ड्रायरच्या दांड्याखालचं रबरी सील फाटलेलं निघालं. त्यातून पाणी थेट मोटरवर गळायचं. हे मात्र खरं होतं. सील आणायला तो दर रविवारी भंगार बाजारात जायचा, भाजलेलं रताळं खायचा, ओळखीच्यांशी गप्पा मारायचा आणि हात हलवत परत यायचा. असं ते घोंगडं त्यानं मजेत भिजत ठेवलं.

एका संध्याकाळी सूछिननं कामावरून येऊन जेवणाच्या टेबलावर एक काळं रबरी सील ठेवलं. वाटीशेजारी, नीट.

“बाबा, तीन दुकानांत होतं. तुम्हाला एकातही दिसलं नाही?”

“डोळे गेले गं पोरी माझे.”

“मान्मानच्या डोक्यातली ऊ बरी दिसते मग.”

फेंगची हसली. मान्मान हसली. लुआनलाही हसावं लागलं.

पुढच्या सुट्टीला सूछिन हातात टॉर्च घेऊन त्याच्या शेजारी उकिडवीच बसली. आता पळवाट नव्हती. तो पाठीवर झोपून मशीनखाली गेला. सील बसलं. पट्टा बसला. ड्रायरच्या ब्रेकची जुनी तार कुजली होती, तिच्या जागी त्यानं नवी ओवली, नट आवळला. आणि एक गंमत अशी, की हात एकदा कामाला लागले म्हणजे ते मालकाचं ऐकत नाहीत. ब्रेकची पट्टी किती घासली पाहिजे, तार किती ताणली पाहिजे, यात तो असा रमला की आपण कुणाच्या वाटेत धोंडा घालायला बसलोय हेच विसरला. मशीनखालून बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होतं. ते सूछिननं पाहिलं. आपलं हसू तिनं पाहिलं हे त्यानं पाहिलं. पण तोवर काम चोख होऊन बसलं होतं.

“मान्मान, इकडे ये, बघ,” तो म्हणाला. त्यानं ड्रायर सुरू केला. टाकी अशी गरगरली की कडा दिसेना. मग त्यानं झाकण उचललं. झाकण वर झालं की वीज तुटते, तार ओढली जाते, ब्रेक टाकीचा गळा धरतो. एका श्वासात टाकी उभी.

“परत, आजोबा!”

त्यानं परत केलं. सूछिन टॉर्च विझवून मा काकूकडे गेली आणि तारीख देऊन आली. नव्या वर्षाचा सहावा दिवस. मशीन न्यायला पान तिसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन येणार.

वर्षअखेरीला दोन दिवस उरले असताना, घरात कोणी नाही असं बघून, लुआन गुडघ्यांवर बसला आणि मशीनच्या मागची फळी काढून ब्रेकच्या तारेचा नट सोडवून खिशात टाकला.

त्याचा बेत पक्का होता. तिसऱ्या दिवशी पान येईल, मा काकू येईल. आपण सगळ्यांसमोर मशीन चालवून दाखवायचं, झाकण उचलायचं. टाकी थांबणार नाही. वीज तुटली तरी नुसत्या वेगावर फिरत राहील, आवाज न करता, बराच वेळ. मग आपण कपाळाला हात लावायचा. ब्रेकची पट्टी गेली, शेनयांगहून मागवावी लागेल, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेपर्यंत, दिव्यांच्या सणापर्यंत, दुकानं बंद. असलं मशीन नव्या घरात कसं न्यायचं? मुहूर्त टळेल. पुढचा मुहूर्त लांबचा. पान काही देव नाही, माणूसच आहे, कंटाळेल. नुकसान कोणाचं? एका नटाचं. तेही परत बसवता येणारं.

हिशोबात चूक नव्हती. फक्त त्यात कोबी धरलेला नव्हता.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्या शहरात असं घर नसेल जिथं कणकेच्या पारीत सारण भरून डंपलिंग वळली जात नाहीत. सारणाचा कोबी बारीक चिरून मीठ लावला की पाणी सोडतो, आणि ते पाणी काढलं नाही तर डंपलिंग उकळताना फुटतात. फुटलेलं डंपलिंग म्हणजे येणाऱ्या वर्षाला भोक. पूर्वी बायका कोबी फडक्यात घालून मनगटं मोडेपर्यंत पिळायच्या. घरोघर मशीनं आली तशा त्या कोबीची पिशवी सरळ ड्रायरमध्ये टाकू लागल्या. मशीन बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही हे आलं नसेल. पिशवी एका बाजूला बसली की टाकी आपटायला लागते, म्हणून झाकण उचलायचं, उचलल्याबरोबर हात आत घालून पिशवी सारखी करायची, झाकण टाकायचं, परत उचलायचं. ब्रेक एका श्वासात धरतो, त्यामुळे हात झाकणाच्या मागोमागच आत जायला शिकलेला असतो. लहानपणापासून. बघायची कुणाला गरजच पडत नाही.

लुआनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण गेली दोन वर्षं घरात कोबी हातानंच पिळला जात होता. आणि आता मशीन पुसून, हंसावर लाल कागद चिकटवून नव्या घरासाठी तयार ठेवलेलं. ते कुणी कोबीच्या खारट पाण्यानं बरबटवेल असं त्याला वाटलंच नाही.

त्या दिवशी दुपारी तो सार्वजनिक न्हाणीघरात गेला. वर्षाचा मळ वर्षातच सोडायचा असतो. गरम हौदात बसून झाल्यावर तो फळीवर पालथा पडला आणि पाठ घासणारा माणूस त्याच्या पाठीवर खरखरीत हातमोजा चालवू लागला.

“काका, यंदा बराच मळ साठवलात.”

“घास घास. वर्षभर मीच वाहिलाय ना तो?”

त्याला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. सणाच्या सुट्टीत मान्मानला नदीच्या बर्फावर घसरगाडी खेळायला न्यायचं, असं तो मनात ठरवत होता. तेवढ्यात वाफेच्या दाराशी मा काकूचा नवरा दिसला, अंगात जाड कोट, डोक्याला कानटोपी. न्हाणीघरात कपड्यांतला माणूस दिसला की काळजात चर्र होतं.

“लुआन! कपडे घाल. सुनेचा हात गेला.”

“कुठं गेला?” असं लुआननं विचारलं. खरंच असंच विचारलं.

घरी पोचेपर्यंत सूछिनला दवाखान्यात नेलं होतं. फेंगची फरशीवर बसून बादलीत फडकं पिळत होती. मशीनवर, भिंतीवर, लाल कागदावर सगळीकडे कोबीचा बारीक हिरवा चुरा उडालेला, आणि त्यात दुसरंही. तिनं मान वर केली नाही.

“माझी मनगटं दुखतात म्हणून केलं तिनं. म्हणाली, आई, शेवटचं वर्ष आहे, मी पिळून देते. मी म्हटलं, राहू दे, मशीन घाण होईल. म्हणाली, धुवून घेईन.”

तिनं फडकं परत फरशीवर फिरवलं.

“झाकण उचललं नि हात घातला. सगळ्या घालतात तसा. पिशवीची नाडी मनगटाला गुंडाळली, नि ते फिरतच राहिलं, म्हाताऱ्या. आवाज नाही, काही नाही. नुसतं फिरत राहिलं.”

“मान्मान कुठाय?”

“काकूकडे. तिनं बघितलं नाही. ऐकलं.” फेंगचीनं फडकं बादलीत टाकलं. “परवा मी जिन्यातून वर आले तेव्हा तू मशीनच्या मागं गुडघ्यांवर होतास. मला वाटलं, तेल घालतोयस. मी काही विचारलं नाही. म्हणजे माझाही हात आहे यात.”

“मी सांगतो तिला. आत्ताच जातो नि सांगतो.”

“सांग. मग ती मान्मानला घेऊन जाईल, आणि पोरीला तुझं तोंड दाखवणार नाही. न सांगशील तर राहील. अशा हातानं ती जाणार कुठं?” फेंगची उठली. तिचे गुडघे कडकड वाजले. “बघ हिशोब करून. हिशोबात तू हुशार आहेस.”

बाहेर सगळ्या गल्लीत फटाके सुरू झाले होते. चिरलेला सगळा कोबी फेंगचीनं पिशवीसकट कचऱ्यात टाकला. दुष्काळात झाडाची साल खाऊन वाढलेली बाई ती, भाताचं शीत फेकत नसे.

दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या लुआनच्या मनात पहिला विचार आला तो असा, की पोरगी आता राहिली. सुनेच्या हाताचा विचार त्याच्यानंतर आला. विचारांचा हा क्रम त्याच्या लक्षात आला, आणि त्यानं मान खाली घालून बुटांच्या नाड्या सोडल्या, परत बांधल्या. डॉक्टर बाहेर आले. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट शाबूत होती. बाकीचं वाचलं नव्हतं.

सूछिन शुद्धीवर आल्यावर त्यानं तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. न सांगण्याचं असं असतं, की पहिला दिवस निभावला की पुढचे आपोआप निभतात.

पान तिसऱ्या दिवशी आलाच. टेम्पो न आणता, पिवळ्या पीचच्या दोन बरण्या घेऊन. आजाऱ्याला तेच नेतात. पलंगाशेजारी बसला, एक बरणी उघडून दिली, चमचा सूछिनच्या उजव्या बाजूला ठेवला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तो उचलून डाव्या बाजूला ठेवला. दिव्यांच्या सणानंतर मा काकू आली, खुर्चीच्या कडेला टेकून बसली.

“त्याचं काही नाही गं. त्याची आई म्हणते, लग्नाच्या आधी रक्त सांडलं, हे बरं नाही.”

“आईचं बरोबर आहे,” सूछिन म्हणाली. “एका हातानं डंपलिंग वळता येत नाहीत.”

काकूनं रडायची तयारी करून ठेवली होती, ती वाया गेली.

पडद्यांच्या दुकानानं महिनाभर वाट पाहिली नि तिच्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसवली. सूछिन घरी असायची. डाव्या हातानं जेवायला शिकली, मान्मानची वेणी घालायचा प्रयत्न करायची. ती वेणी शाळेच्या दारापर्यंतही टिकत नसे. लुआन रोज नातीला शाळेत सोडायला जायचा, परत आणायचा. वाटेत दोघं पूर्वीसारखीच बोलायची. त्यानं जे मागितलं होतं ते त्याला अगदी तंतोतंत मिळालं होतं.

नदीवरचा बर्फ फुटला त्या सुमारास सूछिन म्हणाली, “बाबा, मशीन दुरुस्त करा. एका हातानं धुणं पिळता येत नाही, आणि आईंची मनगटं गेलीत.”

मशीन तेव्हापासून चादरीखाली होतं. लुआननं हो म्हटलं. यावेळी रंग, पत्रा, बाजार, काही नाही. एका सकाळी तो मागं बसला, खिशातून नट काढला, तार ओढून आवळला. सूछिन दारात उभी राहून बघत होती. ती पुढं आली. डाव्या हातानं तिनं टाइमर फिरवला. रिकामी टाकी गरगरू लागली. तिनं झाकण उचललं. एका श्वासात टाकी उभी.

“थांबतंय की,” ती म्हणाली.

लुआन मागची फळी बसवू लागला.

“त्या दिवशी का नाही थांबलं?”

“तार जुनी... कुजकी होती.”

“तार नवी होती. टॉर्च मी धरला होता.” तिचा आवाज जराही चढला नाही. “आणि आत्ता तुम्ही तार बदलली नाहीत. नुसता नट लावलात. खिशातला.”

स्वयंपाकघरात फेंगचीच्या हातातली पळी थांबली. लुआननं तोंड उघडलं, पण त्यातून जे बाहेर आलं ते माफीसारखं नव्हतं, सबबीसारखंही नव्हतं. “पोरगी,” एवढंच तो म्हणाला. “पोरगी जाणार होती.”

सूछिन त्याच्याकडे बघत राहिली. भाजी घेताना वजनाकडे बघावं तशी.

“आता नाही जाणार,” ती म्हणाली. “जायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत. मी इथंच राहीन, तुमचं खाईन, तुमच्या पेन्शनीवर पोरीला शिकवीन. तिला मी काही सांगणार नाही. तिला आजोबा हवेत.”

मग तिनं भिजवलेलं धुणं, मान्मानचा गणवेश, फेंगचीचे सदरे, लुआनची लोकरी विजार, एकेक करून ड्रायरमध्ये टाकलं. झाकण लावलं, टाइमर फिरवला. टाकी वेगात आली, आवाज चढला, फरशी थरथरली.

“मला उजवा हात नाही,” ती म्हणाली. “तेव्हा यापुढं कपडे तुम्ही काढायचे. झाकण मी उचलणार.”

“थांबू दे की आधी.”

“ब्रेक आहे ना? तुम्हीच लावलाय.”

तिनं झाकण उचललं आणि त्याच्याकडे पाहिलं. टाकीकडे नाही. “काढा, बाबा.”

ब्रेकचा तो एक श्वास अजून सरला नव्हता, आत कपडे एका पांढऱ्या कड्यासारखे फिरत होते. म्हाताऱ्या लुआननं शर्टाची बाही वर सारली आणि हात आत घातला.